एकाच खुणेची दोन मेंढरं

ती केस आठवली की अजून डोकं तापतं. चोर सापडत नाही म्हणून डोकं तापायचं, ते नोकरीत पुष्कळदा झालं. पण या केसमध्ये चोर समोर खुर्चीत बसून चहा पीत होता, आणि ज्याचं चोरीला गेलं तो मलाच विचारत होता, "तुमाला काय कळतंय त्यातलं?"

आधीच सांगून ठेवतो. मी सातवी पास. आमच्या वेळी तेवढ्यावर शिपाई म्हणून भरती व्हायची. पुढं सगळ्या परीक्षा घासून दिल्या आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लोक मात्र शेवटपर्यंत जमादारच म्हणत राहिले. इंग्रजी मला येत नाही आणि येत नाही म्हणून मी कधी मान खाली घातली नाही. कागद समोरच्यानं वाचायचा, माणूस मी वाचायचा, अशी वाटणी करून सगळी नोकरी निभावली.

नोकरीची शेवटची वर्षं धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या पोलीस ठाण्यात गेली. एका सकाळी मी ठाणे अंमलदार म्हणून बसलो होतो. एक बाई आली, तिशीची असेल. मेंढक्याच्या घरची हे दारातूनच कळलं, अंगाला वाड्याचा वास होता. मेंढरं कोंडायच्या जागेला आमच्याकडं वाडा म्हणतात. बाई बाकावर बसेना. म्हणाली, "सायब, आमचं मामंजी रविवारच्या बाजाराला सगळी मेंढरं विकाय निघाल्यात. तेवढं थांबवा."

मी म्हणालो, "बाई, मेंढरं त्यांची, विकणार ते. यात पोलिसाचं काय काम?"

"विकून पैशे कॉईनमधी घालायलेत."

"कसल्या कॉईनमधी?"

"मोबायलातल्या."

आता काय बोलायचं? मी तिला पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तुळजापूरला एक माणूस येतो. लॉजच्या हॉलमध्ये माणसं जमवतो, भिंतीवर चित्रं दाखवतो. आपल्याकडचं कॉईन घ्या म्हणतो, रोज भाव चढतोय. सासऱ्यानं मागच्या मोसमातली कोकरं विकून आलेले सगळे पैसे त्यात घातले. आता कळप विकायचा. नवरा पुण्याला कंपनीत, तोही म्हणतो, बरोबर आहे, मी स्वतः तपासलंय.

"मग तुला का वाटतं की बरोबर नाही?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली, "मेंढरं गेल्यावर मामंजी सकाळी उठून करतील काय? दोन सालं झाली सासूबाई जाऊन. त्या मेंढरांमागं हायती म्हणून हायती."

मला कॉईन कळलं नव्हतं, पण हे कळलं. स्टेशन डायरीला नोंद घेतली, मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं आणि दुपारी वस्तीवर गेलो.

म्हातारा एका शेतात मेंढरं बसवून होता. शेताला खत होतं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात. म्हाताऱ्याला सगळे अप्पा म्हणत. वय सत्तरीचं, ताठ, माझ्यासारखाच हट्टी. मी बोलायला लागलो तसं त्यांनी सुनेनं सांगितलं काय एवढंच विचारलं आणि कोपरीच्या खिशातून मोबाइल काढला. वाचता येत नव्हतं, पण कुठं बोट लावायचं ते पाठ होतं.

"हे बगा जमादार. ही तीन अक्षरं. आमच्या कॉईनची खूण. आता ह्या दुसऱ्या ठिकाणी जावा. ह्याचा आणि त्या माणसाचा काय बी संबंध न्हाय. इतं तीच तीन अक्षरं टाका. भाव बगा. काल किती व्हता, आज किती."

मी पाहिलं. अक्षरं तीच. भाव खरंच चढलेला. (ती अक्षरं इथं लिहीत नाही, उगाच दुसऱ्याच्या खऱ्या मालाला बट्टा नको.)

"आणि हे मला त्यानंच शिकवलं," अप्पा म्हणाले. "माझ्यावर भरवसा ठिवू नका म्हन्ला, भायेर तपासा. चोर आसं म्हन्तो व्हय?"

मी मोबाइल परत दिला. तरी म्हणालो, "अप्पा, तीन अक्षरं तर कुणीही लिहील."

तसे ते माझ्यावर खवळले. कळपाकडं हात करून म्हणाले, "ती मेंढरं बगा. डाव्या कानाला दोन चिरा, पाठीवर हिरमंजीचा तांबडा पट्टा. आमच्या वाडीत पोरगा येगळा निघाला की बिरोबाच्या म्होरं चार जाणती बसत्यात आन त्याला नवी खूण देत्यात. एकाची खूण दुसरा घेत न्हाय. घेतली तर त्याच्या घरी कुणी पोरगी देत न्हाय. एवढ्याशा वाडीत आसं चालतंय, आन तुमी म्हन्ता जगाच्या बाजारात एकाची खूण दुसरा लावतोय? जावा, च्या घेऊन जावा."

चहा घेतला आणि परत आलो. चाळीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला मेंढक्यानं चहावर वाटेला लावलं. पण त्या कानाच्या दोन चिरा आणि तो पट्टा कुठंतरी पाहिलाय, असं वाटेतभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला सायबर शाखेत गेलो. तिथं एक महिला शिपाई होती, हुशार, पण बोलायला लागली की थांबायची नाही. मी सांगितलं, "मला सातवीवाल्याला कळेल असं सांग."

ती म्हणाली, "काका, शेअर बाजारात प्रत्येक कंपनीला छोटी अक्षरं असतात. पूर्ण नाव लांबलचक असतं, म्हणून. ती अक्षरं बाजार देतो. दोघांना एकच देत नाही."

"म्हणजे गाडीच्या नंबरासारखं."

"हां, त्या बाजारापुरतं तसंच. दुसऱ्या देशाच्या बाजारात तीच अक्षरं दुसऱ्याच कंपनीची असू शकतात. पण या कॉईनचं तसंही नाही. इथं अक्षरं कुणी देतच नाही. ज्यानं कॉईन काढलं त्यानंच ठेवायची. दहा जणांनी तीच ठेवली तरी चालतं."

"चालतं म्हणजे? अडवतं कोण?"

"कुणी नाही. मोठमोठी विक्रीची ठिकाणं आपापल्यापुरती काळजी घेतात, तेवढंच."

"मग आरटीओ कोण?"

"आरटीओ नाही काका."

"नंबर आहेत आणि नंबर देणारं ऑफिस नाही?"

"नाही."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली. एका कोंबडीच्या चोरीसाठी दोन पंच बोलवायचे, सही चुकली तर वकिलाच्या शिव्या खायच्या, आणि इकडं आख्ख्या जगाचा पैसा ज्यावर फिरतो त्या खुणेला मालक नाही. मी तिच्यावर चिडलो, जसं काही तिनंच हे केलं होतं. ती बिचारी म्हणाली, "काका, खरी ओळख अक्षरात नसतेच. प्रत्येक कॉईनचा एक लांबलचक पत्ता असतो, ते कुठं जन्मलं त्याचा. तो मात्र दुसऱ्याचा होत नाही. पण एवढा लांब पत्ता वाचतो कोण? लोक अक्षरं बघतात आणि समाधान मानतात."

अप्पांच्या मोबाइलचे फोटो मी काढून आणले होते. तिनं तपासलं आणि सांगितलं ते असं: भाव खरा होता. बाहेरच्या ठिकाणी दिसणारं कॉईनही खरं होतं. फक्त ते अप्पांजवळ नव्हतं. अप्पांजवळ त्या तुळजापूरच्या माणसानं घरी बसून काढलेलं दुसरंच कॉईन होतं, अक्षरं तेवढी तीच. ते कुणी विकत घेत नव्हतं. म्हणजे म्हातारा रोज सकाळी भाव बघून खूश व्हायचा, तो भाव दुसऱ्याच्या मालाचा.

साहेबांची परवानगी घेऊन तुळजापूरला गेलो. तिथल्या ठाण्यानं त्या माणसाला चौकशीला बोलावून ठेवलं होतं. तुळजापुरात चार अनोळखी माणसं लॉजच्या हॉलात बसली तर कुणी काही विचारत नाही. देवीला आलेत, एवढंच. सोलापूरच्या बसमधून उतरायचं, कपाळाला कुंकू लावायचं आणि दुकान मांडायचं. हा तसलाच. कपडे साधे, बोलणं गोड. मला पाहून उठून नमस्कार केला.

मी विचारलं, "हे कॉईन तेच आहे का, जे बाहेर दिसतं?"

"मी तसं कधी म्हणालोच नाही साहेब. माझ्या कॉईनची अक्षरं ही आहेत, एवढंच म्हणालो. अक्षरं सारखी ठेवू नयेत असा काही नियम आहे का?"

"लोकांना भाव कुठला बघायला लावला?"

"बघा म्हणालो. हा तुमचाच भाव, असं कुठं लिहून दिलंय का मी? सगळे मेसेज काढून बघा." मग चहाचा कप खाली ठेवून हसत म्हणाला, "आणि फिर्यादी कोण आहे साहेब? तक्रार कुणाची?"

तिथंच घोडं अडलं होतं, फिर्यादीच नव्हता. सायबरच्या मुलीनं फसलेली आणखी चार घरं शोधून काढली होती, त्यातही कुणी यायला तयार नाही. एक मास्तर म्हणाले, पोलीस मध्ये पडले तर भाव पडेल. एक दुकानदार म्हणाला, साहेब तुम्हीपण थोडं घेऊन ठेवा. लिहिलेले मेसेज पाहिले तर खरंच, प्रत्येक वाक्य वकिलाकडून तपासून घेतल्यासारखं. आम्ही त्याला जाऊ दिलं. जाताना मला म्हणाला, "देवीचं दर्शन घेऊन जा साहेब, इतक्या लांबून आलात." मी नोकरीत रागावर कायम ताबा ठेवला. त्या दिवशी किती ठेवला ते माझं मला ठाऊक.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी दाढी करताना ते कान आठवले.

मी बेंबळीच्या बाजूला नेमणुकीला होतो तेव्हाचं प्रकरण. दोन मेंढक्यांची एका मेंढीवरून मारामारी झाली होती. तिथल्या एकाची खूण हीच, डाव्या कानाला दोन चिरा, पाठीवर हिरमंजी. त्याची वाडी निराळी, देव निराळा, जाणते निराळे. त्यांनीही आपल्या वाडीपुरतंच पाहिलं होतं की ही खूण दुसऱ्या कुणाची नाही. वाशीकडं कुणी हीच खूण लावतो, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. अप्पांना बेंबळीचं माहीत नव्हतं, तसंच.

अर्धी दाढी तशीच पुसली. ओळखीच्या टेम्पोवाल्याला घेऊन बेंबळी गाठली. तो मेंढका मला विसरला नव्हता. मी म्हणालो, तुझ्या कळपातली सगळ्यात निकामी मेंढी दे, खूण तेवढी शाबूत हवी. त्यानं विचारलं, "साक्षीला का?" मी म्हणालो, तसंच समज. त्यानं एक म्हातारी मेंढी दिली, पुढचे दात गेलेली, एका पायानं लंगडी. वर म्हणाला, "परत न्हाय आणली तरी चाललं, न्हायच आणली तर बरं."

रविवारी सकाळी वाशीच्या बाजारात अप्पांचा कळप उभा होता. व्यापारी विसार देऊन मोकळा झाला होता, गाडी मागं लावलेली. सून थोडी लांब, झाडाखाली. सायबरच्या मुलीला मी सुट्टी असून बोलावून घेतलं होतं, ती माझ्यावर तोंड फुगवून उभी. मी टेम्पोवाल्याला इशारा केला. त्यानं लंगडी मेंढी मागच्या बाजूनं हळूच कळपात सोडली.

व्यापारी शेजारीच होता, त्याच्या लक्षात आलं नाही. अप्पा बिडी पेटवत होते. काडी तशीच हातात राहिली. म्हणाले, "ही कुणाची?"

"कुठली?"

"ती. लंगडी."

मी म्हणालो, "तुमचीच की. कान बघा, पट्टा बघा."

ते कळपात शिरले, मेंढीचा कान धरला, उलटा करून पाहिला, दातांवरून अंगठा फिरवला. "खूण माझीय. मेंढी माझी न्हाय."

"खूण तुमची तर मेंढीही तुमचीच. एकाची खूण दुसरा घेत नाही, तुम्हीच म्हणालात. हिच्या बदल्यात ती पुढची तरणी मेंढी मला द्या, हिशोब मिटला."

"डोकं फिरलंय का जमादार? माझ्या एकेक मेंढीची आय म्या बगितलीया. हिची आय कोन? कुटं जल्मली ही?"

"बेंबळीला. तिथं एकाची हीच खूण आहे, त्याच्या वडलांपासून. त्याच्या वाडीनं दिलेली." मग मी म्हणालो, "अप्पा, तुमच्या कॉईनची आई बघितली का कधी?"

अप्पांनी हातातली विझलेली काडी खाली टाकली. व्यापारी म्हणायला लागला, ओ साहेब, गाडीचं भाडं चढतंय. मी त्याला एवढंच म्हणालो की आणखी एक शब्द बोललास तर गाडीचे कागद बघीन.

अप्पांनी मोबाइल काढला आणि त्या मुलीसमोर धरला. "पोरी, ह्याची आय दाव."

तिनं दोन पत्ते काढले, एकाखाली एक. बाहेर ज्याचा भाव दिसतो त्या कॉईनचा वर, अप्पांजवळच्या कॉईनचा खाली. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण चिरा आणि पट्टे ओळखण्यात जन्म गेलेला. काळं झालेलं नख वरच्या ओळीवर ठेवायचे, मग खालच्या. सुरुवातीचं चिन्ह तेवढं सारखं, पुढं सगळंच निराळं. नख शेवटपर्यंत नेलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी मोबाइल सुनेकडं दिला. तिच्याकडं न बघता म्हणाले, "मेंढरं माघारी घे."

व्यापाऱ्यानं आधी दिलेल्या विसाराची आठवण करून दिली. मी त्याला गप्प करणार, तेवढ्यात अप्पांनीच मला अडवलं. शब्द दिला होता म्हणे. कळपातली काही मेंढरं स्वतः निवडून त्यांनी त्याला दिली, चांगली चांगली. मी समजावलं की विसार परत करा, सुटतो व्यवहार. ऐकलं नाही. अशा माणसाला वाचवायचं तरी किती?

त्याच दुपारी अप्पांनी ठाण्यात फिर्याद दिली. खाली अंगठा उमटवला. जबाब लिहून घेताना सहज विचारलं, तो माणूस तुम्हाला मेसेज कसे पाठवायचा, तुम्हाला तर वाचता येत नाही? सून म्हणाली, "आवाजात पाठवायचा. मामंजी रोज सकाळी म्हनायचे, ते लाव गं पुन्ना. म्हणून म्या एक बी पुसलं न्हाय."

ठाण्यात बसून आम्ही ते ऐकले. गावातल्या शिकलेल्यांना लिहिताना त्यानं प्रत्येक शब्द जपला होता. पण अडाणी म्हाताऱ्याशी बोलताना कशाला जपायचं? स्वच्छ आवाजात म्हणत होता, "अप्पा, बाहेर जे दिसतंय ना, तेच आपलं. तोच भाव आपला. डोळे झाकून घाला."

सोमवारी त्याला पुन्हा समोर बसवलं. पहिल्यासारखाच नमस्कार, पहिल्यासारखंच हसू. मी चहा मागवला नाही. त्याचाच आवाज त्याला ऐकवला. पहिल्यांदा ऐकून म्हणाला, हा माझा आवाज नाही. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाला, यात माझा तसा अर्थ नव्हता. तिसऱ्यांदा लावायला लागलो तर म्हणाला, बंद करा साहेब. मग कुणी साथ दिली, कॉईन कुणाकडून काढून घेतलं, पैसे कुठं गेले, हळूहळू सगळं आलं. गुन्हा दाखल झाल्याचं कळलं तसे मास्तर आले, दुकानदारही आला. मास्तर म्हणाले, "मला पहिल्यापासूनच शंका होती." मी पेन खाली ठेवून त्यांच्याकडं पाहत राहिलो.

केस कोर्टात आहे. आरोपी जामिनावर आहे. कोकरांचे पैसे अजून आले नाहीत, येतील तेव्हा खरे. मी निवृत्त झालो.

या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी पहिल्यापासून समजत होतो की फसणारा माणूस तपास करत नाही म्हणून फसतो. तसं नाही. अप्पांनी तपास केला, त्यांच्या मुलानं केला, मास्तरांनीही केला. सगळ्यांनी खूण तपासली आणि मालाला हात लावला नाही. तीन अक्षरं म्हणजे बोलायची सोय. ती बघून कुठल्या मालाचं नाव घेतलंय एवढं कळतं, आपल्या हातात तोच आहे का हे कळत नाही. त्यासाठी तो वीतभर लांब पत्ता जुळवून बघावा लागतो, आणि तेवढा कंटाळा प्रत्येकाला असतो. मागच्याच महिन्यात माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एकानं मला चार अक्षरं पाठवली, खाली लिहिलं, स्वतः तपासून बघा. याच्यापुढं मी डोकं कुठं आपटू?

लंगडी मेंढी बेंबळीवाल्यानं परत घेतली नाही. ती अप्पांकडंच राहिली आणि तिच्यापायी नवं त्रांगडं उभं राहिलं. अप्पांनी बेंबळीला निरोप धाडला की तू तुझी खूण बदल. त्यानं उलट निरोप दिला की तुम्ही बदला. दोन्ही वाड्यांचे जाणते दोनदा बसले, दोनदा उठले. आता दोघं म्हणतात, जमादारानं निवाडा करावा. निवृत्तीनंतर माणसाला सुख नसतं ते असं.

परवा अप्पा घरी आले होते. मी चिडून म्हणालो, "तुम्ही तुमची मेंढरं लांबून ओळखता, तो त्याची ओळखतो. खुणेवरून भांडता कशाला मग?"

अप्पांनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आमी वळखतो हो जमादार. घेनारा वळखत न्हाय."